21 दिवसांत सवय लागते हे ठरवलं कुणी?

पाडवा आला की तो मेसेज फिरायला लागतोच: "कुठलीही गोष्ट सलग 21 दिवस करा, सवय लागणारच. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. तरीही जमलं नाही तर तुमची इच्छाशक्तीच कमी." आमच्या सोसायटीत यंदा त्याचं चॅलेंजच ठेवलं आणि पंधरवड्यातच निम्मी माणसं गळाली. मला याचा खरंच राग येतो, कारण चांगली सुरुवात केलेली माणसं या मेसेजपायी सगळं सोडून देतात.

आधी 21 चा आकडा बघू. तो आला मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातून. त्यांचं निरीक्षण असं की नाकाचं वगैरे ऑपरेशन झालेल्या पेशंटला आरशातला नवा चेहरा आपलासा वाटायला साधारण 21 दिवस लागतात, आणि तेही "कमीत कमी" असं त्यांनी लिहिलंय. पुढे सांगणाऱ्यांनी ते कमीत कमी गाळलं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, डायट, अभ्यास सगळं कोंबलं. अहो, आरशात बघायला कष्ट पडत नाहीत, रोज पहाटे उठून पळायला पडतात!

मग खरे दिवस किती? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधे फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर 12 आठवडे अभ्यास केला, तो 2009 मधे आला. ज्याने त्याने आपल्याला हवी ती एक गोष्ट निवडायची आणि रोजच्या एखाद्या कामाला जोडायची, म्हणजे नाश्ता झाला की ग्लासभर पाणी, असं. ती आपोआप व्हायला लागायला मधला आकडा निघाला 66 दिवस, पण कुणाला 18 तर कुणाला 254 (हा अर्थात गणिताने काढलेला अंदाज, अभ्यासच 84 दिवसांचा होता). पाणी पिणं लवकर अंगवळणी पडलं, व्यायामाला जास्त वेळ लागला. त्यामुळे 21 च्या जागी आता 66 चं चॅलेंज काढू नका प्लीज.

"एक दिवस चुकला की पहिल्यापासून" हे तर निव्वळ चुकीचं आहे, त्याच अभ्यासात एखादा दिवस राहिल्याने फारसा काही फरक पडला नव्हता.

राहिली इच्छाशक्ती. माझी वहिनी नर्स आहे, दर आठवड्याला शिफ्ट बदलते, तिला "रोज सकाळी 6 ला योगा" सांगून काय उपयोग? घड्याळाचा नाद सोडून तिने ड्युटीवरून घरी आलं, पर्स खुंटीला लावली की आधी भिंतीला टेकून पाठीचे दोन स्ट्रेचेस, मग चहा, असं लावून घेतलं, मग ती दुपारी येवो की सकाळी. नाईटच्या आठवड्यात कधी कधी तेही राहतं, पुढच्या आठवड्यात परत सुरू. तिला कमी इच्छाशक्तीची म्हणणाऱ्याने एक नाईट करून बघावी.

ग्रुप ॲडमिनना एवढंच सांगणं आहे की गळालेल्यांची नावं लिस्टमधून काढलीयेत ती परत टाका, आणि चुकलेल्या दिवसापुढचा तो लाल क्रॉस बंद करा.