गवताचा कणा कोणी मोडत नाहीये

शेतीच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: इथेनॉलसाठी शास्त्रज्ञ गवतातलं लिग्निन, म्हणजे ताटाला ताठ ठेवणारा घटक, काढून टाकतायत. असं गवत वाऱ्यात लोळेल, उभ्या उभ्या कुजेल, गुरांना बाधेल आणि त्याचे पराग उडून रानातलं गवत नासेल. काळजीपोटीच लोक हे पुढे पाठवतायत, म्हणून नीट उत्तर देतो.

लिग्निन ‘काढून टाकतात’ इथूनच घोटाळा सुरू होतो. सकाळी गव्हाण झाडताना खाली उरते ती चघळ आठवा. पानं, शेंडा म्हैस संपवते. कडब्याची जाड बुडखं चावून टाकून देते. त्या बुडख्यातही सेल्युलोज असतं, म्हणजे साखरेच्याच साखळ्या. पण भोवती लिग्निन लिंपलेलं असतं, आणि गवतवर्गात फेरुलिक आम्ल पेशीभित्तिकेचे धागे एकमेकांना टाचून ठेवतं. म्हशीच्या पोटातले जिवाणू असोत की कारखान्यातली विकरं (एन्झाइम), अडतात ती इथेच. संशोधक लिग्निन बनवणाऱ्या एखाद्या जनुकाचं काम फक्त मंद करतात. 2011 मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या नोबल फाउंडेशनने स्विचग्रास या गवतातल्या सीओएमटी या लिग्निन बनवणाऱ्या जनुकावर हा प्रयोग केला. लिग्निन थोडंच घटलं, तरी इथेनॉल 38 टक्क्यांपर्यंत जास्त निघालं आणि विकरं एक-तृतीयांश ते एक-चतुर्थांशच लागली.

लोळण्याची भीती मात्र हवेतली नाही. लिग्निन फार खाली गेलं की झाड खुरटतं, ताट कमकुवत होतं. मक्याच्या कमी लिग्निनच्या जुन्या वाणांनी हे दाखवलंय. प्रश्न प्रमाणाचा आहे. फ्लोरिडात उसावर हेच काम झालं. काही ओळींत (बदललेल्या रोपांच्या वंशांत) लिग्निन घटलं तसं उत्पादनही घटलं, त्या मागे पडल्या. पुढे जनुक-संपादन केलेल्या एका ओळीत लिग्निन सुमारे 20 टक्क्यांनी कमी झालं, चोथ्यातून साखर सुमारे 44 टक्के जास्त सुटली, आणि शेतातलं वजन घटलं नाही. कुजण्याचं म्हणाल, तर टेनेसीत कमी लिग्निनचं स्विचग्रास दोन वर्षं उघड्या शेतात होतं. त्यावर तांबेरा हा बुरशीचा रोग नेहमीपेक्षा जास्त पडला नाही.

गुरांचं उत्तर तर शंभर वर्षं जुनं आहे. मक्यात 1924 सालीच अशी कमी लिग्निनची झाडं सापडली होती, ज्यांच्या पानाची मधली शीर तपकिरी दिसते. ज्वारीत 1978 मध्ये रसायनाने उत्परिवर्तन घडवून तशीच ताटं मिळवली. पान उलटं करून पाहा, पांढरट शिरेच्या जागी तपकिरी पट्टा दिसतो. यातल्या काही वाणांत बिघडलेलं जनुक तेच, सीओएमटी. हा चारा दुभत्या जनावरांना वर्षानुवर्षं घातला जातोय, आणि तो जास्त पचतो म्हणूनच घातला जातो.

राहिले पराग. इथे मी मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूने आहे. अमेरिकेत ओरेगनमध्ये लावलेलं, तणनाशक सोसणारं बेंटग्रास हे हिरवळीचं गवत 2003 साली फुललं, तेव्हा त्याचे पराग 21 किलोमीटरवरच्या रोपांपर्यंत पोहोचल्याचं आढळलं. तणनाशक सोसण्याने रोपाला फायदा होतो. कमी लिग्निनने रानात तसा फायदा मिळण्याचं कारण दिसत नाही. तरी स्विचग्रास बहुवर्षायू आहे, वाऱ्यावर फळतं आणि अमेरिकेच्याच मातीतलं आहे, तेव्हा धोका पिकागणिक तपासलाच पाहिजे. ब्राझीलच्या एम्ब्रापा या कृषी संशोधन संस्थेने 2021 मध्ये पेशीभित्तिका सहज फुटेल असा ऊस क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने तयार केला, त्यात परकं जनुक नाही. ऊस आपण टिपरीवर लावतो, बहुधा तुरा येण्याआधी किंवा आल्या आल्या तोडतो. त्याची गोष्ट वेगळी.

आपल्याकडे 2022 पासून परकं जनुक नसलेल्या जनुक-संपादित वाणांना जैवसुरक्षेच्या काही नियमांतून सूट आहे. उसाला ती मिळाली तर माझी हरकत नाही. वाऱ्यावर फळणाऱ्या बहुवर्षायू गवताला मात्र आधी आसपासच्या रानगवतांवर परागांची चाचणी व्हावी, मगच सूट.