टाळी तीनवर की तीननंतर?

पॉडकास्टसाठी माइक घ्यायचा तर दुकानात जाता येतं, हातात धरून बघता येतो, घासाघीस करता येते. आवाज रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरचं तसं नाही. ते कुणीतरी सुचवतं, आणि सुचवणाऱ्याचा सूर थेट होमिओपॅथ सुचवणाऱ्याचा असतो. "एकदा घेऊन तर बघा, गुण येतोच. फक्त आधीचं सगळं बंद करा."

मी पुण्यात, पॉडकास्टमधला जोडीदार नागपुरात. विषय एसटीच्या प्रवासातले किस्से, म्हणजे साठ्याची चिंता नाही. भाच्याने ऑडॅसिटी सुचवलं. 2000 सालापासूनचं आणि फुकट. फुकट म्हटलं की आपल्याला आधी संशय येतो. त्यात 2021 साली ते म्यूझ ग्रुपकडे गेलं आणि गोपनीयतेच्या धोरणावरून असा गदारोळ उठला की कंपनीला मजकूर बदलावा लागला. ही बातमी सोसायटीतल्या काकांनी जपून ठेवली होती. "ते तुमचं बोलणं ऐकतं," ते हळू आवाजात म्हणाले. म्हटलं काका, कुणीतरी ऐकावं म्हणूनच चाललंय हे.

ऑफिसातला एकजण गॅरेजबँडवर अडून बसला. तेही फुकटच, पण चालतं फक्त अॅपलच्या यंत्रावर. फुकटच्या सॉफ्टवेअरसाठी लाखभराचा लॅपटॉप, हा हिशेब घरी मांडायची हिंमत मला झाली नाही.

रीपरची तऱ्हा आणखी वेगळी. संगणकावर गाणी वाजवणारं विनॅम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचं हे अपत्य. 60 दिवस चाचणीला मिळतं, मग साधा परवाना 60 डॉलरचा. मात्र 60 दिवस उलटले तरी बंद पडत नाही. उघडताना फक्त 'अजून पैसे भरले नाहीत' याची आठवण देतं आणि काही सेकंद ताटकळत ठेवतं. 'आज रोख, उद्या उधार' पाटीखाली वाढलेल्या माणसाला इतकी सभ्य वसुली सोसत नाही. मी ते काढूनच टाकलं.

मग आकडे. भाचा म्हणाला, "मामा, 48 किलोहर्ट्झलाच ठेव." म्हणजे आवाजाचे सेकंदाला 48,000 नमुने. सीडीला 44,100 पुरतात, आणि त्यातही माणसाच्या कानाला ऐकू येईल तेवढं सगळं मावतं. आमच्या श्रोत्यांचं वय बघता त्यातलंही बरंच वाया जाणार. पण वाद घातला नाही. ठेवलं 48.

खरी परीक्षा पुढे. ऑडॅसिटीत खरखर कमी करायची सोय आहे. नुसत्या खरखरीचे काही सेकंद निवडून दाखवायचे, की तोच नमुना धरून ते बाकीची सफाई करतं. म्हणजे घरात तेवढे सेकंद कुणी काही बोलायचं नाही. दार लावलं, मोबाइल बंद केला, लाल बटण दाबलं, श्वास रोखला. कुकरची शिट्टी झाली. ती विरते तोवर खालून "भंगाऽर, रद्दीऽऽ". मग वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली, पाण्याची मोटर सुरू झाली. ती थांबली आणि स्वयंपाकघरातून हाक आली, "बोलत का नाहीये? बिघडलं का?" ही हाक मात्र स्वच्छ टिपली गेली. दोन भिंतींपलीकडून.

अखेर मध्यरात्री नुसता पंखा सापडला. सफाई केली. पंखा गेला, पण जाताना माझे 'स' आणि 'श'ही घेऊन गेला. एसटीवरच्या पॉडकास्टमध्ये एसटीची 'एटी' झाली. पंखा बंद करून बोलायचं तर महिना मे.

नागपूरचा प्रश्न वेगळाच. इंटरनेटवरून आलेला आवाज तुटतो, म्हणून दोघांनी आपापल्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचं आणि नंतर दोन्ही ट्रॅक जोडायचे. रिव्हरसाइड, झेनकास्टर हे काम ब्राउझरमध्ये करतात, पण दरमहा पैसे म्हटल्यावर नागपूरहून "काऊन बे?" एवढंच उत्तर आलं. तेव्हा हातानेच जोडणं आलं. त्याची युक्ती जुनी आहे: सुरुवातीला दोघांनी एकदम टाळी वाजवायची, आणि नंतर पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखात टाळीचे दोन सुळके एकाखाली एक आणायचे.

मी म्हटलं, एक, दोन, तीन. आणि तीनवर वाजवली. तो तीन संपल्यावर.

"तीन म्हणजे तीन," मी.

"अबे, तीन म्हणून तर होऊ दे."

"बँडवाले कधी वाजवतात?"

"तुमच्या पुण्यात बँडवाले विचारून वाजवतात काय?"

पुढचा अर्धा तास हेच. रेकॉर्डिंग अप्रतिम आलंय. पंखा नाही, कुकर नाही, सगळे 'स' जागेवर. ट्रॅक तेवढे अजून जुळायचेत.