‘रोमिंग म्हणजे लूट, सिम घरीच ठेवा’ : त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

सुट्ट्या जवळ आल्या की पुण्यातल्या झाडून सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो, वर लाल दिवे आणि खाली ‘परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला पाठवा’. आमच्या कोथरूडच्या ग्रुपवर परवा पुन्हा आला, आणि खाली लगेच अंगठ्यांची रांग. ज्यांच्याकडे अजून पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: भारतीय कंपन्यांचं रोमिंग (म्हणजे आपलंच सिम परदेशात वापरणं) ही शुद्ध लूट आहे, आपलं सिम काढून घरीच ठेवा नाहीतर फोन नुसता चालू असला तरी हजारोंचं बिल येतं, तिकडे उतरलात की एअरपोर्टवर लोकल सिम घ्या, एकच सिम सगळ्या युरोपात चालतं, नाहीतर अनलिमिटेड ईसिम (कार्ड न घालता फोनमध्येच टाकायचं डिजिटल सिम) घ्या, आणि तसंही परदेशात वायफाय सगळीकडे फुकट असतं त्यामुळे डेटावर खर्च करायची गरजच नाही.

यातलं एकही वाक्य धड खोटं नाही, गोची हीच आहे. धड खोटं असतं तर कोणीतरी तिथल्या तिथे टोकलं असतं.

पहिला मुद्दा, लूट. ‘इथे १ जीबी दहा रुपयाला आणि तीच कंपनी तिकडे शेकड्यांनी घेते.’ अहो पण इथला दर जगावेगळा आहे हे विसरून कसं चालेल. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि त्यानंतर भाव असे कोसळले की ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आकड्यांनुसार आज सरासरी १ जीबीला ९-१० रुपये पडतात, २०१४ मध्ये हाच आकडा अडीचशेच्या वर होता. आता तुम्ही झुरिकला उतरलात तर तुमच्या कंपनीचा तिथे एकही टॉवर नाही, ती स्विस कंपनीचा टॉवर वापरते आणि तिला त्याचे पैसे मोजते. हे घाऊक दर दोन कंपन्यांनी आपापसात ठरवलेले असतात. कितीचे असतात याचा अंदाज हवा असेल तर युरोपियन युनियनकडे बघा, तिथे सरकारी नियमाने घाऊक दरावर कमाल मर्यादा घातली आहे आणि ती सुद्धा २०२६ साठी १ जीबीला १.१० युरो आहे, म्हणजे शंभर रुपयांच्या वर. आणि ही सवलत त्यांच्या त्यांच्या कंपन्यांना, आपल्या कंपनीला ती लागू नाही, तिने जे ठरवून घेतलं असेल ते. त्यामुळे पौड रोडवर ज्या भावात रील्स बघता त्या भावात आल्प्समध्ये बघायला मिळणार नाहीत, कोणीही दिलं तरी नाही.

कंपन्या यावर नफा काढतात का? काढतात, भरपूर काढतात, मी काय त्यांचा वकील नाही. पण खरा फटका आधी घेतलेल्या रोमिंग पॅकने बसत नाही, पॅक न घेता डेटा चालू राहिला तर बसतो. तो दर लिहिलेला असतो १० केबीला इतके, आणि १० केबी म्हणजे किती हे कोणाच्या डोक्यात येत नाही म्हणून तो किरकोळ वाटतो. समजा १० केबीला ३ रुपये. १ एमबी म्हणजे १०२४ केबी, म्हणजे १ एमबीला झाले ३०७. सकाळी उठल्यावर सूर्यफुलांचा सुप्रभात व्हिडिओ येतो ना, १५ एमबीचा, तो आपोआप डाउनलोड झाला की साडेचार हजारांच्या वर गेलात, आणि तो तुम्ही उघडून बघितला सुद्धा नसेल. म्हणजे रोमिंग घेऊ नका असं सांगून हा मेसेज लोकांना पॅकपासून लांब ठेवतो, आणि त्यातला जो माणूस सिम काढायला विसरतो तो बरोबर याच खड्ड्यात जातो.

आता सिम घरी ठेवायचं म्हणे. हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो म्हणून जरा लांबवणार आहे. बँकेचा ओटीपी कुठे येणार? हॉटेलचं पेमेंट करायचंय, परतीच्या तिकिटाची तारीख बदलायचीय, इकडे घरभाडं किंवा सोसायटीचा मेंटेनन्स भरायचाय, सगळं त्या एका नंबरवर येऊन अडतं, आणि तो नंबर इथे कपाटात प्लास्टिकच्या डबीत पडलेला. यूपीआयचंही तेच, अ‍ॅप सिमशी बांधलेलं असतं, आणि आता भूतान, नेपाळ, सिंगापूर, दुबई अशा ठिकाणी काही दुकानांत यूपीआय चालायला लागलंय, आयफेल टॉवरचं तिकीट तर फेब्रुवारी २०२४ पासून त्यावर काढता येतं. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपना आदेश काढला की ज्या नंबरवर खातं उघडलंय ते सिम फोनमध्ये असेल तरच अ‍ॅप चालू द्या. त्यामुळे सिम डबीत आणि व्हॉट्सअ‍ॅप मजेत, हा हिशोब पुढे किती दिवस चालेल याची खात्री धरू नका.

मग ‘फोन नुसता चालू असला तरी बिल येतं’ याचं काय? नुसत्या चालू असण्याने येत नाही. रोमिंगमध्ये येणारा एसएमएस आपल्याकडच्या कंपन्या फुकट देतात. पॅक नसताना येणारा कॉल उचलला तर पैसे लागतात, नका उचलू, कर्ज देणाऱ्या बाईचा असतो नाहीतर क्रेडिट कार्डवाल्याचा. आणि डेटाला एक वेगळं बटण आहे, डेटा रोमिंग नावाचं, ते बंद असेल तर भारतीय सिमवरून एक केबीही जात नाही आणि एसएमएस मात्र येत राहतो. अट एकच, नंबरवर इंटरनॅशनल रोमिंग सेवा चालू असायला हवी, ती निघायच्या आधी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बघून घ्या, तिकडे उतरल्यावर कस्टमर केअरला फोन लावायला गेलात तर तो सुद्धा लागणार नाही. मेसेजच्या खाली एक जण लिहितो की मी सरळ एअरप्लेन मोडवर ठेवतो. ठेवा की, पण मग ओटीपी पण येणार नाही.

खरी मेख दोन सिमच्या फोनमध्ये आहे. आमच्या शेजारच्या काकूंनी लोकल सिम घेतलं, शहाणपणाने घेतलं, तरी भारतीय नंबरवर बिल आलंच. फोन हातात घेऊन बघितलं तर मोबाइल डेटासाठी लोकल सिम निवडलेलं होतं, ते बरोबर होतं, पण त्याच्याच खाली ‘डेटा स्विचिंगला परवानगी द्या’ असं एक बटण असतं ते हिरवं होतं आणि भारतीय सिमचं डेटा रोमिंगही चालू राहिलेलं, म्हणजे लोकल सिमची रेंज गेली की फोन गुपचूप आपल्या सिमवर उडी मारत होता. डोंगरात ट्रेनने फिरताना रेंज किती वेळा जाते ते काही सांगायला नको. फोन अमका असो की तमका, ही दोन बटणं मुंबईच्या कॅबमध्ये बसल्यावर बघायची, लोणावळ्यापर्यंत वेळच वेळ असतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘रोमिंगमध्ये असताना’ फोटो-व्हिडिओ डाउनलोड बंद करा, आणि फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा. हॉटेलात गेल्यावर तो बॅकअप आपोआप होतो.

‘एकच सिम सगळ्या युरोपात.’ नाही हो. १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये नियम आहे की एका सदस्य देशाचं सिम दुसऱ्या सदस्य देशात घरच्या दरानेच चालायचं, नॉर्वे, आइसलँड आणि लिच्टेनस्टाइन पण त्यात आहेत, आणि हा नियम २०३२ पर्यंत वाढवलाय. म्हणजे पॅरिसला घेतलेलं सिम रोम, व्हिएन्ना, अ‍ॅमस्टरडॅमला झकास चालतं. पण आपल्याकडची ठरलेली युरोप टूर कशी असते? लंडनला सुरू, पॅरिस, मग स्वित्झर्लंड आणि शेवटी इटली. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. ब्रिटन बाहेर पडलंय. म्हणजे ज्या दोन ठिकाणी आपले लोक सगळ्यात जास्त फोटो पाठवतात, तिथेच हा नियम लागू नाही. काही कंपन्या हे दोन देश आपणहून पॅकमध्ये घालतात, काही घालत नाहीत, त्यामुळे सिमच्या पाकिटावर देशांची यादी बारीक अक्षरात असते ती काउंटरवरच वाचायची, बसमध्ये बसल्यावर नाही. आणि सगळीकडे सिम चुटकीसरशी मिळतं असंही नाही, जर्मनीत २०१७ पासून ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम चालूच करता येत नाही, मागे चाळीस माणसांचा ग्रुप ताटकळत असताना हे उद्योग कोण करणार.

हां, एकाच देशात आठ-दहा दिवस राहणार असाल तर लोकल सिमच घ्या, यात मेसेज बरोबर आहे. थायलंड हे उत्तम उदाहरण. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर उतरल्यावर काउंटर समोरच असतात, पासपोर्ट दाखवला की सिम घालून चालू करून देतात, भारतीय पॅकपेक्षा डेटा कितीतरी जास्त. उलट अमेरिकेत पाच दिवसांच्या कामासाठी गेलात तर तिथले प्रीपेड प्लॅन बरेचसे महिन्याच्या हिशोबाने असतात, पाच दिवसांसाठी महिन्याचे पैसे देऊन वर दुकान शोधायचं, त्यापेक्षा इथून घेतलेला छोटा पॅक परवडतो. हिंजवडीतून ऑनसाइट जाणाऱ्यांना हे माहीत असतं, ते असले फॉरवर्ड वाचत पण नाहीत.

म्हणून किती देश, किती दिवस, किती फोन, या तीन आकड्यांशिवाय स्वस्त-महाग बोलण्यात अर्थ नाही. चौघांच्या कुटुंबात चारही फोनवर पॅक घेतात ते तर मला कळतच नाही. दोन फोनवर घ्या, बाकीच्यांना हॉटस्पॉट द्या, फक्त पॉवर बँक बरोबर ठेवा आणि चुकामूक झाली तर भेटायचं कुठे ते आधी ठरवा.

ईसिम. कल्पना चांगली, मी स्वतः वापरतो. पण ‘अनलिमिटेड’ शब्दाच्या मागे जवळजवळ नेहमीच एक मर्यादा लपलेली असते, दिवसाला अमुक इतका डेटा वेगाने आणि मग नकाशा उघडायलाही रडणारा वेग. दुसरं, टुरिस्ट ईसिम बहुतेक वेळा फक्त डेटाचं असतं, फोन नंबर मिळतच नाही, त्यामुळे टॅक्सीवाल्याला कॉल करायचा तर व्हॉट्सअ‍ॅप नाहीतर भारतीय नंबर, म्हणजे पुन्हा ते घरी ठेवलेलं सिम आठवणार. तिसरं, मेसेजमध्ये जी अ‍ॅप सुचवली आहेत त्यात एअरालो आणि होलाफ्लाय आहेत. परदेशी सिम भारतात विकायचं तर दूरसंचार विभागाची परवानगी लागते, ती नसल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये या दोन्ही अ‍ॅपवर इथे बंदी घालून ती स्टोअरमधून काढायला लावली होती. हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. परवानगी असलेल्या कंपन्या आहेत, त्यांच्याकडून घ्या. आणि ईसिम घरच्या वायफायवर आधी टाकून ठेवा, कारण ते टाकायलाच इंटरनेट लागतं आणि लोक ते विमानतळावर उतरल्यावर टाकायला बसतात.

फुकट वायफायबद्दल काय बोलायचं. हॉटेलात असतं, रस्त्यावर हरवलात तेव्हा नसतं. दुबईत तर वायफाय असूनही व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही, तिथे तो बंदच आहे. चीनमध्ये हॉटेलच्या वायफायवर किंवा तिथल्या सिमवर गुगल नाही, व्हॉट्सअ‍ॅप पण नाही, आणि गंमत म्हणजे भारतीय सिमवर रोमिंग घेतलं तर दोन्ही चालतं, कारण रोमिंगचा डेटा आधी भारतातल्या कंपनीकडे येतो आणि तिथून इंटरनेटवर जातो. म्हणजे ज्या रोमिंगला लूट म्हणताय तेच तिथे कामाला येतं.

मेसेजमध्ये जे नाहीच ते दोन मुद्दे. एक, विमान आणि क्रूझ. आता बऱ्याच विमानांत आतमध्येच मोबाइल नेटवर्क असतं, ते कुठल्याच देशाचं नसतं त्यामुळे देशाच्या पॅकमध्ये बसत नाही, जिओने २०२० मध्ये विमानासाठी ४९९ रुपयांपासून वेगळे पॅक काढले ते उगाच नाहीत. रात्री तीनच्या फ्लाइटला माणूस इतका पेंगुळलेला असतो की एअरप्लेन मोड न लावताच झोपतो, आणि फोन मात्र जागा असतो. क्रूझवर समुद्रात गेल्यावर तसंच. सीमेवरही लक्ष ठेवा, नायगाऱ्याला अमेरिकेच्या बाजूला उभे असलात तरी फोन समोरच्या कॅनडाचा टॉवर पकडतो, पॅक फक्त अमेरिकेचा असेल तर पंचाईत.

दुसरा मुद्दा मुलांकडे सहा-सहा महिने राहायला जाणाऱ्या आई-बाबांचा, आणि पुण्यात असे घरटी एक आहेत. त्यांनी सिम कपाटात ठेवलं तर नुसती ओटीपीची अडचण होत नाही, नंबरच जाऊ शकतो. ट्रायच्या नियमाने प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून ३० दिवस वाढवून मिळतात, नसतील तर नंबर पुढे दुसऱ्या कोणाच्या नावावर. पेन्शनचं खातं, आधार, गॅसचा नंबर, सगळं त्यालाच जोडलेलं. निघायच्या आधी लांब मुदतीचा रिचार्ज मारा, सिम फोनच्या दुसऱ्या खाचेत राहू द्या, डेटा रोमिंग बंद ठेवा, आणि महिन्यातून एकदा त्या नंबरवरून मुलाला एसएमएस करा, त्याचे जे काही रुपये पडतील ते पडू द्या.