अंडरटेकर सातवा का?

आजवरच्या भारी रेसलरांची यादी करायला चौघं बसले आणि वादाला तोंड फोडलं मंग्याने. "आजवरचा सगळ्यात भारी रेसलर अंडरटेकर. रेसलमेनियात, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, ओळीने २१ मॅच जिंकल्या. बोला."

"त्या २१ मॅच अंडरटेकरने नाही, कंपनीच्या ऑफिसने जिंकल्या," सुहास म्हणाला. "नुरा कुस्तीत निकाल बुकर लावतो. २०१४ ला न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रॉक लेस्नरला जिंकवायचं ठरलं, त्या दिवशी अंडरटेकर पडला. विजय मोजून नंबर लावायचे तर नंबर बुकरला द्या."

"मग पट्टे, म्हणजे विजेतेपदं, मोजू. जॉन सीनाचे सतरा, रिक फ्लेअरचे सोळा."

"फ्लेअरचे सोळा हा डब्ल्यूडब्ल्यूईचा हिशेब. दुसरे लोक मोजतात तेव्हा आकडा विसाच्या वर जातो. उंची, वजन, छाती, बायसेप बघून नंबर लावायला ही काय ट्रम्प कार्डं आहेत?"

स्नेहल मध्ये पडली. "पट्टे किती ते सोडा, पट्टा एकाच्याच कमरेला का राहिला ते बघा. १७ मे १९६३ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रुनो सॅमार्टिनोने बडी रॉजर्सला ४८ सेकंदांत पाडलं. त्यानंतर २८०३ दिवस पट्टा त्याच्याकडे. दुसरी खेप धरली तर एकूण ४०४०. प्रमोटर काय दानधर्म करत नव्हता. न्यूयॉर्कची इटालियन वस्ती ब्रुनोसाठी तिकीट काढत होती. १९७१ च्या जानेवारीत इव्हान कोलॉफने त्याला चीत केलं, तर अख्खं गार्डन चिडीचूप. खलनायक जिंकला म्हणून शिव्या घालायचंही लोकांना सुचलं नाही."

"कबूल," सुहास म्हणाला, "पण ब्रुनोचं काम त्यामानाने सोपं. लोक आधीच त्याच्या बाजूचे. एनडब्ल्यूए या इलाख्याइलाख्याच्या प्रमोटरांच्या संघटनेचा विजेता म्हणून फ्लेअरला गावोगाव फिरावं लागायचं. प्रत्येक इलाख्याचा प्रमोटर वेगळा, त्याचा लाडका पैलवान वेगळा. तिथे जायचं, त्या स्थानिक गड्याला तासभर असं चढवायचं की लोकांना वाटावं, आज पट्टा गेलाच. आणि शेवटी वेळ संपून बरोबरी, नाहीतर डिस्क्वालिफिकेशन. पट्टा फ्लेअरच्याच बॅगेत, पण तो गडी मोठा झाला आणि पुढचे कित्येक महिने प्रमोटरने त्याच्यावर तिकिटं विकली. समोरचा जेमतेम असला तरी मॅच उभी करायची जबाबदारी फ्लेअरची."

"उभी करायची म्हणजे नक्की काय करायचं?" मंग्या.

"मार खायचा, पण मोजून. कोपऱ्यात फेकलं की टर्नबकलवरून, म्हणजे तिथल्या उशीवरून, उलटा होऊन रिंगच्या कडेला जायचं. टॉप रोपवर चढायचं आणि दरवेळी खाली फेकून घ्यायचं. ठोसा लागल्यावर लगेच पडायचं नाही, चार पावलं ताठ चालायचं आणि मग थेट तोंडावर. १९८९ मध्ये रिकी स्टीमबोटबरोबरच्या तीन मॅच बघ. २० फेब्रुवारीला शिकागोत पट्टा देतो, २ एप्रिलला न्यू ऑर्लिन्समध्ये तीनपैकी दोन फॉलची जवळजवळ ५५ मिनिटं चाललेली मॅच हरतो, ७ मेला नॅशव्हिलमध्ये पट्टा परत घेतो. तिन्ही वेळा स्टीमबोट आधीपेक्षा मोठा होऊन बाहेर पडतो."

"पडण्यात कसलं आलंय कौतुक?"

"पडूनच बघ. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, आणि दोन्ही तळहात आणि पाठीचा वरचा भाग एकदम टेकला पाहिजे. कोपर आधी टेकलं तर कोपर जातं, हनुवटी सुटली तर डोकं आपटतं. खाली गादी नसते. लोखंडी बीम, त्यावर फळ्या, वर पातळसा फोम आणि कॅनव्हास. १९७५ मध्ये विमान पडून फ्लेअरच्या पाठीचा कणा तीन जागी मोडला, डॉक्टर म्हणाले कुस्ती बंद. वर्षाच्या आत परत आला. नंतर सपाट पाठीवर पडणं टाळून कुशीवर पडायची सवय लावून घेतली, आणि तशा अंगाने तासतासभर लढला."

अण्णा इतका वेळ गप्प होते. "सगळा तमाशा झाला हा. जुन्या काळचा विजेता लू थेझ, त्याचं नाव कोण घेणार? तो हुकर होता, सांधे उखडायचे पेच खरोखर येणारा. पट्टा अशाच माणसाकडे ठेवायचे, कारण समोरच्याने ठरलेलं मोडून खरी कुस्ती धरली तर? दारासिंगने त्याला मुंबईत पाडलं, १९६८ ला."

"तेव्हा थेझ बावन्न वर्षांचा होता, अण्णा."

"असेल. पण ठरलेलं मोडलं की काय होतं, ते कराचीत १९७६ ला दिसलं. अक्रम पैलवान आणि जपानचा इनोकी. कुस्ती खरी झाली. इनोकीने डबल रिस्टलॉक लावला: मनगट धरायचं आणि कोपरात दुमडलेला हात पाठीमागे फिरवायचा. अक्रमने हार मानली नाही. हात मोडला. हा पेच थेझचा हुकमी. त्याला यादीबाहेर ठेवून तर दाखवा."

थेझ यादीत आला. अण्णांपुढे कोण बोलणार?

स्टीव्ह ऑस्टिनवर मात्र कुणाचाच आक्षेप नव्हता. भांडण होतं ते श्रेयावरून. २३ मार्च १९९७, रेसलमेनिया १३. ऑस्टिन खलनायक, ब्रेट हार्ट नायक. शार्पशूटर या पाय पिळणाऱ्या पेचात अडकलेला, तोंड रक्ताने माखलेलं, पण ऑस्टिन हार मानत नाही, बेशुद्ध होतो. मॅच थांबवल्यावरही ब्रेट त्याला मारत राहतो. एका मॅचमध्ये दोघांच्या बाजू उलटल्या.

"मॅच ब्रेटने बांधली, मार्क ब्रेटला," सुहास.

"आणि नंतर हॉल कुणी भरले?" स्नेहल. "तेही मोडक्या मानेने. टूमस्टोन या डावात उलट्या धरलेल्या माणसाचं डोकं आपल्या गुडघ्यांच्या वर राहील असं धरतात आणि गुडघ्यांवर बसतात. गुडघे आपटतात, डोकं अधांतरी राहतं. ३ ऑगस्ट १९९७ ला समरस्लॅममध्ये ओवेन हार्ट गुडघ्यांऐवजी बुडावर बसला. सगळ्यात खाली ऑस्टिनचं डोकं होतं, तेच आधी टेकलं. त्याला हातपाय हलवता येईनात. तरी कसाबसा रोल-अप करून, म्हणजे समोरच्याला गुंडाळून चीत करून, पट्टा घेतला, कारण शेवट तोच ठरला होता. १९९८ चा ऑस्टिन डाव कमी आणि ठोसेबाजी जास्त का करतो? मानेमुळे."

"म्हणून तर ब्रेट मोठा. समोरच्याचं अंग मोडू न देणं ही त्याची शान. त्याचं करिअर संपवलं ते गोल्डबर्गच्या लाथेने, डिसेंबर १९९९ मध्ये. लाथ जोरात लागू द्यायची नसते, ती डोक्यात बसली."

मग सुहासने जपानच्या मिसावाचं नाव काढलं आणि आवाज जरा उतरले. १९९४ च्या ३ जूनला टोकियोच्या बुडोकान हॉलमधली कावाडाविरुद्धची त्याची मॅच चौघांनाही पाठ. पण तशा मॅचमधली मानेवर पडायची चढाओढ पुढे वाढतच गेली. १३ जून २००९ ला हिरोशिमात एक साधा बॅक सुप्लेक्स (मागून उचलून मागे आपटायचा डाव) बसला आणि मिसावा उठलाच नाही. वय ४६. स्नेहलचं म्हणणं, अशा कुस्तीला मार्क देऊ नयेत. सुहासचं म्हणणं, मग मॅच बघूही नयेत. तिसरा नंबर मिसावाला मिळाला, तीन विरुद्ध एक.

यादी झाली: फ्लेअर, ऑस्टिन, मिसावा, थेझ, पाचव्या जागेवर ब्रेट आणि ब्रुनो दोघंही. अंडरटेकर सातवा.

"अन्याय आहे!" मंग्या तापला. "२००९ ला ह्यूस्टनमध्ये शॉन मायकल्सबरोबरच्या मॅचमध्ये अंडरटेकरने रोपवरून बाहेर उडी घेतली. कॅमेरामन बनून उभ्या असलेल्या पैलवानाने त्याला झेलायचं होतं, झेलता आलं नाही. डोक्यावर पडला आणि तरी अर्ध्या तासाची मॅच पूर्ण केली. आणि तुमचा फ्लेअर? २००८ ला रडून निरोप घेतला आणि २०२२ ला, ७३ व्या वर्षी, पुन्हा रिंगमध्ये. कापा मार्क."

"उतारवय मोजायचं तर अंडरटेकरची २०१९ ची जेद्दामधली मॅचही मोजू. जॅकहॅमर हा उलटं उचलून आपटायचा डाव अर्धवट उचलला गेला, थोडक्यात मान वाचली. समोर कोण होतं?"

"गोल्डबर्ग," मंग्या पुटपुटला. "बरं, पाचव्यावर दोघं आहेत तर अंडरटेकर सहावा तरी लिहा."

"पाचव्यावर दोघं, म्हणजे पुढचा सातवाच," स्नेहल म्हणाली. "आणि तिकिटंच मोजायची तर तीही जागा हल्क होगनची."

"नाही नाही, सातवा राहू दे!"