बटू ९२ टक्क्यांवर अडकला

चिरंजीवांची मुंज पुण्यात यथासांग पार पडली. गुडघ्यांमुळे आत्याला इंदूरहून येता आलं नाही. "अख्खी मुंज बघायचीय मला, तुकडे नकोत," असं तिने फोनवर बजावलं. मी म्हटलं, "त्यात काय, आज रात्री पाठवतो." ही गोष्ट वैशाखातली. आत्याने मुंज पाहिली तेव्हा आषाढ लागला होता.

व्हिडिओवाल्याने दिलेली फाइल ६.८ जीबीची. चाचणी म्हणून मातृभोजनाची तीन मिनिटं चॅटवर टाकली. अ‍ॅपने ती वाटेत अशी काही दाबली, की आत्याचा लगेच फोन. "अरे, सूनबाई उशीला का भरवतेय?"

डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर ही दाबादाबी होत नाही, पण तिथे हद्द २ जीबीची. ईमेलला २५ एमबी, आणि तीही नावापुरतीच. ईमेल मुळात अक्षरांसाठी जन्मलेलं, त्यामुळे व्हिडिओसुद्धा आधी अक्षरांत उतरवावा लागतो. त्यात तो भिजवलेल्या साबुदाण्यासारखा एक तृतीयांशाने फुगतो. हिशेब केला तर साडेतीनशेच्या वर ईमेल निघाले. एवढ्यांत मुंज नव्हे, सोडमुंजही उरकली असती.

राहिला क्लाउड. फुकटची १५ जीबी जागा सुप्रभातच्या गुलाबांनी भरलेली. ती उपसली. आमचं इंटरनेट ४० एमबीपीएसचं. जाहिरातीतला तो 'बी' बिटचा असतो, बाइटचा नव्हे, म्हणून आठाने भागायचं. सेकंदाला ५ एमबी, म्हणजे साधारण तेवीस मिनिटं. प्रत्यक्षात दोन तास झाले, ९२ टक्के झाले आणि लाइट गेली. आली तेव्हा पडद्यावर शून्य टक्के. बटू पुन्हा मांडवाच्या दारात.

माझा चेहरा बघून आई म्हणाली, "आपलं सागवानी कपाट जिन्यातून चढेना, तेव्हा यांनी खण काढून एकेक वर नेला होता. एक खण निसटला, तर तेवढाच परत आणला. सगळं कपाट नाही खाली आणलं! एवढं कळत नाही होय तुमच्या मोबाइलला?"

मी हादरलोच. रात्री जागून वहीत आराखडा काढला. फाइलचे खण करायचे, प्रत्येकाला नंबर, आणि आत काय काय आहे याची चिठ्ठी. पोचल्यावर चिठ्ठी जुळली नाही, तर तेवढाच खण परत मागवायचा. लाइट गेली तरी पुढच्या खणापासून सुरू. पेटंटचा विचारही चाटून गेला.

इंजिनिअर भाच्याने वही चाळली. "मामा, फाइली वाटायचं टोरंट नावाचं तंत्र २००१ पासून हेच करतंय."

"मग ह्या चॅटवाल्यांचं घोडं कुठे अडलंय?"

"तुझा आणि इंदूरच्या आजीचा फोन एकाच वेळी जागा हवा. नाहीतर खण मध्ये कुठेतरी ठेवायला गोदाम लागतं. त्याचं भाडं कोण भरणार?"

वही मिटली. शेजारचे काका बसने इंदूरला निघाले होते, त्यांच्याबरोबर पेनड्राइव्ह द्यायचं ठरलं. ३२ जीबीचा कोरा ड्राइव्ह, आणि कॉम्प्युटर म्हणतो, फाइल फार मोठी आहे! भाच्याने खुलासा केला: जुनी फॅट३२ मांडणी आहे, तिला ४ जीबीच्या वरची एक फाइल झेपत नाही, बाकी कितीही जागा रिकामी असो. (म्हणजे आमच्या सोसायटीचं पार्किंगच.) त्याने ड्राइव्ह नव्याने फॉर्मॅट केला. काका भडंगाच्या पिशवीत ६.८ जीबी घेऊन रात्री बसले आणि सकाळी पोचलेसुद्धा.

दुपारी कुटुंबाच्या ग्रुपवर आत्याचा व्हिडिओ आला. टीव्हीवर चाललेली मुंज तिने फोनने शूट केली होती, आडवी टीव्ही, उभा फोन, मध्ये पंख्याची सावली. मातृभोजनाला पुन्हा तीच उशी. खाली तिने लिहिलं होतं, "किती स्वच्छ दिसतंय बघा! सगळ्यांना पाठवा."

अठ्ठावीस जणांनी हात जोडले.