टेस्टिंग शिकवायचे आहे? मग संगणक बंदच ठेवा

येत्या सत्रात आपल्या वाट्याला प्रगत ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग आणि सॉफ्टवेअर टेस्टिंग हा विषय आला असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. नुकताच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रात्यक्षिक परीक्षेला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणून जाण्याचा योग आला आणि एकही टेस्ट न चालवता हा विषय कसा पार पाडता येतो, हे डोळ्यांनी पाहता आले. ती विद्या स्वतःपाशी ठेवणे बरे नव्हे.

आरंभ टर्बो सी प्लस प्लस या कंपायलरने, म्हणजे सी प्लस प्लस भाषेतला कोड संगणकाच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने, करावा. त्याची लॅबमधली आवृत्ती १९९१ सालची आणि त्या भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ सालचे. प्रमाणापेक्षा वडीलधारा असलेला कंपायलर बदलण्याचा उद्धटपणा आपल्याला शोभत नाही.

इनहेरिटन्ससाठी, म्हणजे एका क्लासपासून (कोडमधल्या साच्यापासून) दुसरा क्लास कसा काढावा हे दाखवायला, प्राणी, कुत्रा आणि मांजर पुरेत. चुकूनही आयत आणि चौरसाकडे वळू नये. आयताच्या क्लासपासून चौरसाचा क्लास काढला, रुंदी पाच आणि मग उंची चार दिली, की चौरसाच्या सगळ्याच बाजू चार होतात, वीस क्षेत्रफळाची अपेक्षा करणाऱ्या टेस्टला सोळा मिळतात, आणि मागच्या बाकावरचा एखादा विद्यार्थी विचारतो की शाळेत तर चौरस हा आयतच असतो असे शिकवले होते. मग मूळ क्लास जिथे चालतो तिथे त्यापासून काढलेला क्लासही बिनबोभाट चालला पाहिजे, हा संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ साली मांडलेला विचार समजावून सांगावा लागतो, आणि त्याआधी तो स्वतः समजून घ्यावा लागतो. एवढा वेळ कोणाकडे आहे?

डिझाइन पॅटर्न, म्हणजे कोड रचण्याचे ठरलेले नमुने, पाठ्यपुस्तकात तेवीस असले तरी सिंगलटन या सर्वांत सोप्या नमुन्यापाशी थांबावे.

जेयुनिट या जावा कोडच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनाची पहिली आवृत्ती केंट बेक आणि एरिक गॅमा यांनी १९९७ साली एका विमानप्रवासात लिहिली, हे अवश्य सांगावे. ती आपल्या लॅबमध्ये इन्स्टॉल करायला सबंध सत्र का पुरत नाही, हे सांगू नये.

आता मुख्य मुद्दा, जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही. टेस्ट केसचा तक्ता फळ्यावर एकदाच लिहावा आणि सर्वांनी तो उतरवून घ्यावा. अपेक्षित निकाल आणि प्रत्यक्ष निकाल हे दोन्ही रकाने एकाच बैठकीत, एकाच पेनाने भरावेत, म्हणजे दोहोंत तफावत पडण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘पास’ लिहावे. मी पाहिलेल्या जर्नलांत तर स्क्रीनशॉटही एकाच संगणकाचे, एकाच मिनिटाला घेतलेले होते. गुणांवरून निकाल सांगणारा एक प्रोग्रॅम होता, चाळीस गुणांना उत्तीर्ण. तक्त्यात पस्तीस, पंचाहत्तर आणि नव्वद गुण तपासलेले, तिन्ही टेस्ट ‘पास’. मी विद्यार्थ्याला बाउंड्री व्हॅल्यू ॲनालिसिस, म्हणजे नेमक्या सीमेवरचे आकडे टाकून तपासण्याची पद्धत, म्हणजे काय, असे विचारले. त्याने व्याख्या स्वल्पविरामासकट म्हणून दाखवली. मग मी चाळीस हा आकडा टाकायला सांगितला आणि प्रोग्रॅमने चाळीस गुणांच्या त्या मुलाला नापास केले, कारण कोडमध्ये ‘पेक्षा जास्त’ लिहिले होते आणि ‘किंवा बरोबर’ राहून गेले होते. जी चूक पकडण्यासाठी ती पद्धत आहे, नेमकी तीच चूक पद्धतीची व्याख्या पाठ असलेल्या मुलाच्या कोडमध्ये सत्रभर सुखाने नांदत होती. इंटर्नल, म्हणजे त्याच महाविद्यालयातले परीक्षक, माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “सर, एवढं खोलात नका जाऊ, मुलांचं नुकसान होतं.”

नुकसान! सत्रभर कोणी त्या मुलाला चाळीस टाकून पाहायला सांगितले नाही, तेव्हा झाले ते काय होते? ४ जून १९९६ रोजी आरियान ५ हे युरोपीय रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदही टिकले नाही. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही, कारण आरियान ४ साठी लिहिलेला कोड नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गासाठी तपासलाच नव्हता. ही गोष्ट तुम्ही दर वर्षी सांगता, परीक्षेत टीप म्हणून विचारता, आणि तुमच्याच लॅबमध्ये गेल्या वर्षीचा कोड यंदाच्या जर्नलात जसाच्या तसा उतरतो तेव्हा खाली सही ठोकता.

मुलांना आळशी म्हणणे बंद करा. नापास होणारी टेस्ट त्यांनी कधी पाहिलेली नाही, कारण तुम्ही ती कधी दाखवलेली नाही. दाखवायची तर वर्गासमोर कोड चालवावा लागतो आणि तो सर्वांदेखत फसण्याची तुम्हाला भीती वाटते. तो तक्ता जर्नलमधून फाडून टाका, एका गटाचा कोड दुसऱ्या गटाला मोडायला द्या आणि जो मोडेल त्याला गुण द्या. एवढेही होत नसेल, तर हा विषय दुसऱ्या कोणाला घेऊ द्या.