दोन टक्क्यांची यादी आणि चार बीकर

गणपतीच्या आगेमागे ती यादी येते आणि आमच्या ग्रुपांवर हारतुरे सुरू होतात. 'जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांत आपले सर!' सोबत फोटो, शाल, कुलगुरूंच्या हस्ते गुच्छ. एखाद्या उत्साही संस्थेचा चौकात फ्लेक्सही लागतो. अभिनंदन मीही करतो, त्यात खोटं काही नाही. पण ती एक्सेल फाइल उघडून बघणारा माणूस मला क्वचितच भेटलाय. स्टॅनफर्डच्या आयोनिडिसांच्या गटाने स्कोपस या शोधनिबंधांच्या जागतिक डेटाबेसच्या आकड्यांवरून केलेल्या त्या दोन याद्या असतात, एक आख्ख्या कारकिर्दीची आणि एक फक्त एका वर्षाची. फ्लेक्सवर बहुतेकदा एका वर्षाचीच असते. स्वतःच स्वतःचे किती संदर्भ दिले याचा रकाना त्यात आहे. २०२४ पासून, चुका किंवा लबाडी निघाली म्हणून मागे घेतलेल्या पेपरांचाही आहे. तो रकाना फ्लेक्सवर छापलेला अजून तरी पाहिला नाही.

मी शिवाजी विद्यापीठाचा एमएस्सी, आता तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो. म्हणजे घरचाच माणूस आहे, त्यामुळे जरा मोकळं बोलतो.

कोल्हापूरच्या थिन फिल्मचं, म्हणजे काचेवर वगैरे चढवलेल्या अतिपातळ थरांच्या कामाचं, नाव जगात झालं ते कशामुळे? गरिबीमुळे, असं माझं सरळ मत आहे. पातळ थर द्यायची व्हॅक्यूमची यंत्रं लाखांच्या खाली येत नाहीत. आमच्या अधिविभागांनी मग रासायनिक वाट धरली. त्यातली सिलार पद्धत ज्याने पाहिली नसेल त्याच्यासाठी सांगतो. टेबलावर चार बीकर. पहिल्यात कॅडमियमचा क्षार, दुसऱ्यात डिस्टिल्ड वॉटर, तिसऱ्यात सोडियम सल्फाइड, चौथ्यात पुन्हा पाणी. घासूनपुसून लख्ख केलेली काचपट्टी चिमट्यात धरायची आणि पहिल्यात, दुसऱ्यात, तिसऱ्यात, चौथ्यात काही काही सेकंद बुडवायची. झाली एक सायकल. अशा पन्नास, शंभर. मान आखडते, सेकंद मोजता मोजता तोंडातल्या तोंडात पुटपुटायची सवय लागते, आणि मग कधीतरी काचेवर पिवळी झाक दिसायला लागते. कॅडमियम सल्फाइडचा थर! धुताना तो सुटून आला की सगळं पहिल्यापासून.

पद्धत मूळची फ्रान्समधली, १९८५ च्या सुमाराची, निकोलाऊंची. पण आमच्या सी. डी. लोखंडे सरांच्या गटाने ती इतकी पिंजून काढली की त्यांचा २००४ चा 'बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स'मधला आढावा लेख आजही या विषयात उतरणाऱ्याला वाचावा लागतो. बंगळूरच्या अकादमीचं नियतकालिक, आपल्याच देशातलं. त्याच विद्येवर आमच्या भागातली किती पोरं पोस्टडॉकला कोरियाला गेली! गडहिंग्लज-चंदगडकडचा पोरगा सोलच्या लॅबमध्ये सुपरकपॅसिटर (वीज साठवायचं, झटपट चार्ज होणारं साधन) करतोय यात आता कुणाला नवल वाटत नाही.

पण जी पद्धत स्वस्त आहे ती पेपर पाडायलाही स्वस्त पडते. कॅडमियम झालं, कॉपर घ्या. सल्फाइड झालं, सेलेनाइड घ्या. तापमान दहा अंशांनी वाढवा. एक्सआरडी, सेमचे फोटो, सीव्हीचा आलेख या ठरलेल्या चाचण्या, आणि शेवटी 'हा पदार्थ ऊर्जासाठवणुकीसाठी आश्वासक आहे' हे वाक्य. आश्वासक पदार्थांची आपल्याकडे आता ददात नाही. त्यातल्या एकाची तरी चालणारी वस्तू झाली का, हे विचारलं की खोलीत शांतता. दोष एकट्या गाइडचा नाही. केंद्र सरकारचं एनआयआरएफ २०१६ पासून कॉलेज-विद्यापीठांना रँक लावतंय, संशोधनाला त्यात भलंमोठं वजन आहे, आणि मोजायला सोपं काय तर पेपर आणि सायटेशन, म्हणजे त्या पेपरांचे इतरांनी दिलेले संदर्भ. मागे घेतलेल्या पेपरांचे गुण कापायचं आत्ता २०२५ मध्ये सुचलं.

याच कॅम्पसवर दुसरंही काम झालंय, आणि मला अभिमान आहे तो त्याचा. इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसचं रंगीत पाणी शेवटी पंचगंगेलाच मिळतं. बायोकेमिस्ट्रीच्या संजय गोविंदवार सरांच्या गटाने वर्षानुवर्षं हाच प्रश्न धरून ठेवला. जिवाणू, बुरशी, पुढे वनस्पतीसुद्धा लावून कापडाला वापरतात ते ॲझो रंग तोडायचे. यातली मेख अशी की पाणी नितळ दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. रंगाच्या रेणूतला ॲझो बंध तुटला की जी अमाइन्स नावाची रसायनं तयार होतात त्यातली काही मूळ रंगापेक्षा घातक असतात. म्हणून पुढे काय उरलं आणि ते किती विषारी, हेही तपासावं लागतं. त्यांच्या विद्यार्थ्यांसोबतचा २०११ चा आढावा लेख जगभर उचलला गेला. आता पंचगंगा साफ झाली का? नाही. ते लॅबच्या हातात नव्हतंच. पण प्रश्न आपल्या दारातला होता आणि सायटेशनही मिळाली, दोन्ही एकदम.

आणि बॉटनीचे एस. आर. यादव सर. कंदीलपुष्पाच्या जाती सह्याद्रीच्या कड्याकपारीत शोधायच्या, वर्णन करायचं, वर विद्यापीठाच्या बागेत जगवूनही दाखवायच्या. नव्या जातीच्या वर्णनाला सायटेशन किती मिळणार? हाताच्या बोटांवर. सुपरकपॅसिटरचा मध्यम पेपर त्याला सहज मागे टाकतो. पण ते फूल कड्यावरून गेलं, तर ते तिथं होतं हे सांगायला तोच कागद उरणार.

मेडिकलचं तर बोलायलाच नको. तिथे बढतीसाठी पेपर लागतो, मग पेपर होतो. उलट महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू चावलेल्यांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, १९८२ साली त्यांचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि पुढे रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी विंचूदंशावर लागू पडते हे त्यांनी दाखवलं. विद्यापीठ नाही, ग्रँट नाही. कोकणातला लाल विंचू मात्र समोर होता.

परवा एक जुना विद्यार्थी आला होता, पीएचडीला बसायचं म्हणून. वडील शिरोलीच्या फाउंड्रीत. मोल्डिंगची वापरून काळी झालेली वाळू ढिगाने पडते, तिचं काय करता येईल यावर त्याला काम करायचंय. कुणीतरी त्याला सांगितलंय, त्यात तीन वर्षं जातील, कोबाल्ट ऑक्साइड घे, सहा महिन्यांत पेपर लागेल. पीएचडीला पेपरची सक्ती यूजीसीने नोव्हेंबर २०२२ मध्येच काढली, हे त्याला माहीत नव्हतं. मी नियमच काढून दाखवला. तो म्हणाला, "सर, नियम काढला असेल, पण मुलाखतीत विचारतातच की."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिरोलीच्या वाळूवर गाइड व्हायला कुणी तयार असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पोरगा चांगला आहे.